खिडकीजवळची खुर्ची

"अहो, यात मी कुठेय?"

चित्रात कपाट होतं, रेडिओ होता, खुंटीवरची छत्रीसुद्धा होती. खिडकीजवळच्या खुर्चीत सात दिवस मान आखडेपर्यंत बसलेली बायको तेवढी नव्हती. त्या जागी नुसता कोरा कॅनव्हास.

"आहेस की! डोळे तपासून घे," म्हणत मोजणीदार ब्रश धुवायला निघाले. जाताना डावा खांदा चौकटीवर आपटला.

छत्तीस वर्षं त्यांनी लोकांच्या जमिनी मोजल्या. वितीचीही चूक नाही. निवृत्तीनंतर चित्रकला शिकले. "पहिलं प्रदर्शन लागू दे, मधोमध तू," हा शब्द त्यांनीच दिला होता. तिनं कधी दागिना मागितला नाही. हे एवढं एकच हवं होतं.

उन्हाळ्यात त्यांना चक्कर आली, दोन दिवस पडून राहिले. ऊन लागलं असेल, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. त्यानंतर चित्रं अशी अर्धी कोरी यायला लागली आणि गॅलरीवाला तर नाचायलाच लागला. "काय सोडायचं हे कळायला आयुष्य जातं, काका!"

झालं! आधीच मर्कट, तशात मद्य प्यालेलं. मोजणीदार अर्धीच दाढी करायला लागले, ताटात अर्धं टाकून उठायला लागले. हाकेला कधी ओ देत, कधी नाही.

"कलावंत झालेत ना आता!" ती शेजारणीला हसून सांगायची. आतून मात्र जीव तुटायचा.

प्रदर्शनात चित्र मधोमधच लागलं. खाली चिठ्ठी: 'माझी बायको'. लोक वाहवा करत होते. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी ती मुकाट्यानं त्यांच्या शेजारी जाऊन बसली.

एक डॉक्टरीणबाई मात्र चित्रांपुढून हलेनात. शेवटी त्यांनी मोजणीदारांसमोर वही-पेन धरलं. "काका, मला एक घड्याळ काढून देता?"

"त्यात काय!" मोजणीदारांनी झोकात गोल काढला, आकडे भरले. बाराच्या बारा आकडे उजव्या अर्ध्यात, एकमेकांच्या अंगावर चढलेले; डावा अर्धा चित्रांसारखाच कोरा.

डॉक्टरीणबाईंचा चेहरा उतरला. "तुमच्याबरोबर कोण आलंय, काका?"

"बायको. कुठे तडफडलीय कोण जाणे!" दाराकडे बघत ते कातावले. "कधीची वाट बघतोय. तिला मधोमध लावलंय, बघायला नको?"

ती त्यांच्या डाव्या बाजूला बसली होती. त्यांचा हात तिच्या हातात होता.