पिठावरची पावलं

बाप्ये सगळे प्रवरेवर राख सावडायला गेले, बाया आतल्या खोलीत आबासाहेबांच्या बायकोला, मुक्ताबाईला धरून बसल्या, आणि मच्छिंद्रनं हळूच टोपलं उचललं.

टोपल्याखाली बाजरीचं पीठ पसरलेलं, मधोमध दिवा. आबासाहेब गेले तीच जागा. तिसऱ्या दिवशी टोपलं काढायचं आणि पिठावरची पावलं बघायची. ज्याची पावलं, त्याच्या जन्माला माणूस गेला. रीत जुनी. शेजारी म्हणून मच्छिंद्रला घर राखायला मागं ठेवलं होतं. म्हणजे बोक्याला लोण्याची राखण. वय पंचेचाळीस, पण रोज एक खोडी काढल्याशिवाय त्याला अन्न पचायचं नाही.

त्यानं खिशातून काड्यापेटी काढली. पेटीत मेलेला भुंगा होता, काळा कुळकुळीत, अंगठ्याएवढा. त्याचे पाय पिठाला टेकवत टेकवत दिव्याभोवती एक फेरी घातली, टोपलं झाकलं आणि ओट्यावर येऊन तोंड पाडून बसला.

भुंगाच का, तर आबासाहेबांचं भुंग्यांशी जन्माचं वैर. त्यांच्या मळ्यात भोपळ्या-दोडक्यांचा मांडव होता. मांडवाच्या लाकडी मेढी भुंगे पोखरायचे, आत घर करायचे. मग आबासाहेब डांबराचा डबा घेऊन एकेक भोक बुजवत फिरायचे. त्यांना दुःखं दोनच. एक भुंगे. दुसरं, बांधावरचा खोबऱ्या आंबा. पाच वर्षांमागं ते पुणतांब्याला लेकीकडं गेले, आणि परत येतात तर जागेवर नुसता बुडखा. झाड कुणी तोडून नेलं ते कळलंच नाही. मच्छिंद्र बिचारा आठ दिवस त्यांच्यासंगं गावोगाव शोधत हिंडला होता.

मंडळी नदीवरून आली. टोपलं निघालं. आबासाहेबांचा थोरला, रंगनाथ, पिठावर वाकला. कुणी म्हणे मुंगळा, कुणी म्हणे चिमणीचं पिल्लू. शेवटी मच्छिंद्रला विचारलं. त्यानं आधी उपरण्यानं डोळे पुसले, मग काडीनं सहा पाय मोजून दाखवले. पुढचं मुक्ताबाईच बोलली.

"भुंगा झाले. जल्मभर त्यांच्या घरात डांबर वतलं. आता भोगा म्हनावं."

त्याच दिवशी डांबराचा डबा उकिरड्यावर गेला.

रंगनाथ मांडवात चपला काढून जायला लागला. भुंगा डोक्यावर घोंगावला की हात जोडून उभा राहायचा आणि सगळं सांगायचा. उसाला कारखान्याची तोड आली, म्हैस गाभण राहिली, पोरीला बघायला बेलापूरची माणसं येणारेत. भुंगा जागीच गुणगुणला तर होकार, उडाला तर नकार. बेलापूरचं स्थळ भुंगा उडाला म्हणून मोडलं. कुंपणाच्या निवडुंगाआड मच्छिंद्र पोट धरून लोळायचा. पण सांगायची चोरी. मेलेल्याच्या पिठाशी खेळला हे कळलं असतं, तर गावानं जोड्यानं हाणला असता. बायकोला सांगावं, तर तिच्या तोंडात तीळ भिजत नव्हता. एवढी नामी खोडी, आणि एकट्यानंच हसायची.

भुंग्यांनी मात्र पांग फेडले. एकाहत्तरच्या त्या उन्हाळ्यात भोपळ्याचं फूल म्हणून वाया गेलं नाही. वेल वाकले. रंगनाथ म्हणायचा, आबा जित्तेपनी एवढे राबले न्हाईत.

चैतात मेढी भुंग्यांना पुरेनात. एका सकाळी मच्छिंद्र पडवीत चहा पीत होता, तर बशीत भुसा पडला. वर बघतो, तर पत्र्याखालच्या तुळईला बोट जाईल असं गोल भोक. श्रीरामपूरच्या वखारीतून आणली म्हणून गावभर मिरवलेली तुळई. हसणं तिथंच थांबलं. दोन दिवसांत भोकं तीन झाली. तुळई गेली की पडवी गेली. त्यानं उकिरड्यावरचा तोच डबा उचलून आणला, डांबर तापवलं आणि शिडीवर चढला.

खालून आवाज आला, "नाना, डबा खाली ठिवा."

रंगनाथ होता. चपला बाहेर काढलेल्या, हात जोडलेले. मागं मुक्ताबाई. मांडवातून उडालेल्या भुंग्याच्या मागं मायलेकरं इथवर आली होती, आणि त्यांच्या मागं निम्मी गल्ली.

मच्छिंद्र शिडीवर अडकला. खोडी कबूल करावी तर जोडे, न करावी तर तुळई जाते. त्यानं उगाच हसून बघितलं.

"रंगा, साधा किडा हाय ह्यो."

"पाय तर तुमीच मोजले हुते, नाना."

मुक्ताबाई पुढं आली. तिनं जमिनीवरचा भुसा चिमटीत घेतला, चोळला, नाकाशी नेला. मग तुळईच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश नजर फिरवली. पदर डोक्यावर नीट ओढला आणि तुळईला हात जोडले.

"ह्याच्याच दारात का आले, म्हनत हुते मी," ती म्हणाली. "रंगा, त्यांना त्यांचा आंबा घावला."