एका वेळी एकच बदल

पडद्यावरची हिरवी रेघ सपाट होती. माइकसमोर कुणी जरा जोरात श्वास घेतला तरी ती थरथरायची. आता मात्र खोलीत दोघीही श्वास रोखून बसल्या होत्या आणि रेघ आडवी पडून होती.

“आली,” टांगलेल्या रजयांच्या आतून मुलगी म्हणाली. तिच्या आवाजाबरोबर रेघ उसळली आणि पुन्हा आडवी झाली. “तीच शिट्टी. बारीक. डावीकडे.”

आईने तिच्या कानांवरचा हेडफोन काढून आपल्या कानांना लावला. आत काहीच नव्हतं.

“येतेय ना?”

“असेल,” आई म्हणाली. “माझ्या वयात इतके बारीक आवाज ऐकू येत नाहीत.”

हे खरं होतं. पण त्या आवाजाने रेघ तरी हलायला हवी होती. स्वस्तातलं यंत्र आहे, त्याला कळत नसेल, असं आईने स्वतःला सांगितलं.

दाराबाहेरून बाबा ओरडले, “गाद्या भिंतीला उभ्या, रजया दोरीवर. मी आज निजायचं कुठे, माइकवर?”

मुलगी हसली. संगीत विद्यालयात प्रवेशासाठी तिला आठवड्याअखेर एक गाणं पाठवायचं होतं, घरीच रेकॉर्ड केलेलं. विद्यालयाने चांगली सामग्री मागितली नव्हती, फक्त स्वच्छ आवाज मागितला होता. त्या एका शब्दावर सगळं अडलं होतं.

आई पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत काम करायची. दोष शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा तिचा घरातलाही नियम होता. पंखा बिघडला तरी आधी बटण, मग वायर, मग पंखा. मुलगी त्यातच वाढली होती. म्हणून दोघींनी आधी माइक बदलला. पहिला माइक शेजारच्यांचा मिक्सरही ऐकायचा. दुसरा फक्त समोरचं तोंड ऐकणारा आणला. शिट्टी राहिलीच. मग वायर बदलली. मग माइक आणि संगणक यांच्यामध्ये बसणारा छोटा डबा बदलला.

“ताई, नवशिक्या पोरीला एवढं पुष्कळ झालं,” दुकानदार म्हणाला होता. “या किमतीत थोडी सूं-सूं राहायचीच. मी बहिणीसाठी नवरासुद्धा इतका पारखून घेतला नव्हता.”

“सूं-सूं नाही. शिट्टी येते.”

त्याने आईने आणलेला घरचा हेडफोन लावला, डोळे मिटले आणि बराच वेळ ऐकलं. तो तरुण होता, आणि दिवसभर हेच काम करायचा. “मला तर काहीच येत नाही,” तो म्हणाला.

तो पुढे काही विचारायच्या आत आईने शेजारचा दुसरा हेडफोन उचलला होता. “हा द्या,” ती म्हणाली होती.

आता तो दुसरा हेडफोन तिच्या हातात होता, आणि बदलायला काहीच उरलं नव्हतं.

आईच्या भावाने याच वयात व्हायोलिनच्या तारा बदलल्या होत्या. मग गज बदलला होता. मग उसने पैसे काढून व्हायोलिनच बदललं होतं. त्यालाही बारीक शिट्टी यायची. डॉक्टरकडे गेला तेव्हा ते म्हणाले, आधी आला असतात तर काही करता आलं असतं. मुलीला मामा बहिरा आहे एवढंच ठाऊक होतं. कसा झाला, ते तिने कधी विचारलं नव्हतं. आईनेही सांगितलं नव्हतं. पहिला माइक आणला त्या दिवसापासून रोज सांगू म्हणायची, आणि रोज काहीतरी बदलून आणायची.

“आई, एक राहिलं,” मुलगी म्हणाली. “हेडफोन उलटा घालून बघू. डावा उजवीकडे. दोष त्याच्यात असेल तर शिट्टी पण उजवीकडे जाईल.”

“नको.”

मुलगी चकित होऊन पाहू लागली. या घरात कुठल्याही तपासणीला आईने आजवर नाही म्हटलं नव्हतं.

“का? किती सोपं आहे. आधीच का नाही सुचलं आपल्याला?”

तिने हेडफोन उलटा करून कानांना लावला. आईची नजर पडद्याकडे गेली नाही. ती मुलीच्या चेहऱ्याकडे पाहत राहिली.

“कुठे आहे?” आईने हाताने खूण करून विचारलं.

मुलीने डाव्या कानावर बोट ठेवलं. मग तिचा चेहरा एकदम उजळला. तिने हेडफोन काढून टाकला.

“म्हणजे हा बरा आहे! सगळंच बरं आहे. शिट्टी रेकॉर्डिंगमध्ये नाहीच, माझ्याच कानात आहे. आई, मग आपण गाणं आजच पाठवू शकतो!”

ती उठली, आणि पाठवायच्याच गाण्याची ओळ गुणगुणत घसरलेली रजई दोरीवर सारखी करू लागली. सूर एकदम नेमका होता.

आई तिच्या डाव्या बाजूला जाऊन उभी राहिली. अगदी जवळ, हातभरावर.

“गाणं नंतर. उद्या सकाळी आपण कानाच्या डॉक्टरकडे जातोय,” ती हळू आवाजात म्हणाली.

मुलगी गुणगुणत राहिली. तिने रजईचं टोक ओढलं, चिमटा लावला, दुसरा चिमटा शोधला. मान वळवली नाही.

 आई वळसा घालून तिच्या समोर आली, तिचे दोन्ही हात धरले, आणि तेच वाक्य मोठ्याने म्हणाली.