संत इसिद्रोची उसनवारी

"प्रोफे, किल्ली द्या. इसिद्रोला शेतावर न्यायचंय."

आन्सेल्मोने चष्मा पुसला. जुन्या जहागिरीतल्या या संग्रहालयाचा तोच रखवालदार, तोच कारकून आणि तोच शिक्षक, म्हणून 'प्रोफे'. काचेच्या पेटीत शेतकऱ्यांचा संत इसिद्रो उभा होता. लाकडाचा, हातभर उंच, पायाशी दोन बैल. खाली पाटी : हात लावू नये.

"दोन्या एलोदिया, अडीचशे वर्षांचा रंग आहे. ऊन लागलं तर पापुद्रे सुटतील."

"जमिनीचे सुटलेतच की." जहागिरीची शेती एलोदिया बघायची; सगळे तिला आदराने 'दोन्या' म्हणत. "गुरुवारी पुएब्लाहून तुमची सव्वीस पोरं येतील. त्यांना काय दाखवणार? नावं लिहिलेल्या नुसत्या काठ्या?"

पोरांनी महिन्यापूर्वी निळ्या मक्याचं जुनं बी पेरून शेजारी आपापल्या नावाची काठी रोवली होती. बरणीत आता मूठभरच उरलं होतं.

"पंधरा दिवस इथे येऊन पावसासाठी विनवतोय," दारातली एक बाई म्हणाली. "काचेतून ऐकू जात नसेल त्याला."

बाहेर दोघे तुतारीवाले आणि एक ढोलवाला घाम पुसत उभे होते.

वस्तू बाहेर जायची तर अर्ज लागे. आन्सेल्मोने अर्ज काढला. तेवढंच त्याला जमण्यासारखं होतं.

"नेणाऱ्याचं नाव?"

"माझंच घाला."

"कारण?"

"पिकाची पाहणी."

त्याने तसं लिहिलं.

"परत कधी?"

"ते त्याच्यावर आहे."

त्याने गुरुवार लिहिलं. "आता इथे सही. 'वस्तू नेली तशीच, कोरडी परत करीन.'"

एलोदियाने पेन खाली ठेवलं. "ही सही मी नाही करायची."

"छापील ओळ आहे, दोन्या. सगळेच करतात."

"कोरडाच परत आणायचा, तर नेऊ कशाला?" तिने आवाज उतरवला. "आणि तो समोर उभा आहे, प्रोफे. कोरडा आणू म्हणून आपणच सही करून दिली, की त्याला काय, बरंच झालं, पाऊस पाडायलाच नको."

आन्सेल्मोने पेटीकडे पाहिलं. इसिद्रोची नजर खरंच अर्जावर असल्यासारखी वाटली. त्याने 'कोरडी' खोडलं, वर सुवाच्य अक्षरात 'ओली' लिहिलं आणि नियमाप्रमाणे बाजूला आपली सही केली.

मग एलोदियाने सही केली आणि किल्ली घेतली. तुताऱ्या वाजल्या. इसिद्रोची डोली अंगणातून बाहेर पडली. आकाश घासलेल्या परातीसारखं लख्ख होतं. ढगाचा ठिपका नव्हता.

आन्सेल्मोने अर्ज फायलीला लावला. मग कपाटातून एक मऊ टॉवेल काढला आणि रिकाम्या पेटीत नीट अंथरून ठेवला.