आत्याची पाठ

ज्योत्स्ना पाळण्याजवळ यायलाच तयार नव्हती. बायका हाका मारून थकल्या. आत्या म्हणजे बारशाची मानकरीण, आणि ती भिंतीकडे पाठ करून बसलेली. बरं, भिंतीला टेकतही नव्हती.

टेकणार कशी? सकाळी धुळ्याहून निघताना “माहेरी दोन दिवस राहू का?” एवढंच तिने विचारलं, आणि नवऱ्याने, भूपेंद्रने, कमरेचा पट्टा काढला. बकलाच्या बाजूने पाठ फोडून काढली. चेहऱ्याला मात्र बोट लावलं नाही. मार असा झाकून ठेवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. “बारसं उरकलं की गाडीवर बसायचं. तोंड उघडलंस तर घरी जिवंत सोडणार नाही,” असं बजावून मेला आता एरंडोलच्या अंगणात जावईबापू होऊन चहा पीत होता.

“ताई, नाव ठेवा ना,” वहिनी पुनम काकुळतीला आली.

ज्योत्स्नाने भाचीकडे पाहिलं. ही पोर जन्मली तेव्हा रडलीच नव्हती, निळी पडली होती. दवाखान्यातल्या केरळच्या नर्सबाईंनी पाठ चोळून चोळून तिचा श्वास परत आणला होता. त्या बाईंचं नाव आणि त्याचा अर्थ पुनमनेच फोनवर सांगितला होता.

ज्योत्स्ना उठली. नाव घेतलं की आत्याच्या पाठीत धपाटे बसतात, ही रीत तिला का माहीत नव्हती? तिने पदर पाठीवरून काढून कमरेला खोचला, आणि पाळण्यात वाकली.

“कुर्र... रेनाता!”

हसत-खिदळत मुठी पडल्या. सगळ्यांत जोरात आईची, शेवंताबाईची. ज्योत्स्ना कळवळली, पण वाकलेलीच राहिली. पिवळ्या ब्लाउजवर लाल डाग पसरत गेला. शेवंताबाईने स्वतःचा ओला हात पाहिला. “माय वं! कोनी मारं तुले?”

ज्योत्स्नाने दाराकडे पाहिलं. दारात भूपेंद्र उभा होता. “झालं ना बारसं? चल.”

“मी येत नही,” ज्योत्स्ना म्हणाली. आवाज तिचा तिलाच नवा वाटला.

कोपऱ्यातल्या म्हाताऱ्या इंदिराबाईंना काहीच दिसलं नव्हतं. “पोरी, हाई कसं नाव? येना अर्थ काय शे?”

“लॅटिन नाव शे, आजी. पुन्हा जन्मलेली.”

शेवंताबाई दाराकडे निघाली. मागोमाग सगळ्या बायका निघाल्या. एकीचीही मूठ अजून उघडली नव्हती.