भिंतीतली फट

चुलीचा धूर पाइपातून वर जायचा सोडून खोलीत शिरला, आणि त्याच्या मागोमाग जळक्या रबराचा असा भपकारा आला, की दोघंही एकमेकांना ढकलत दाराबाहेर पडली.

"काय जळतंय हो?" बायकोनं बाहीनं डोळे पुसत विचारलं. "मी तर नुसती लाकडं घातली."

नवरा पेशानं वायरमन. त्याला वासावरूनच कळलं होतं. सगळी हयात त्या वासाच्या संगतीत गेलेली. सकाळी त्यानं चुलीचा लोखंडी पाइप जोडला आणि हात आपोआप खिशात गेला. सांध्यावर काळी टेप, घट्ट वेढे, वरून अंगठ्यानं दाब. उघडा सांधा म्हणजे पाप, असं मानणारा माणूस तो.

"टेप," तो अखेर पुटपुटला.

"चुलीला?"

"सवय."

ती त्याच्याकडे बघत राहिली आणि मग जी हसायला लागली, ती खोकल्यातही थांबेना. "अहो, चुलीला काय शॉक बसतो?"

तोही हसला, पण अर्ध्या तोंडानं. आज चुकायचा दिवस नव्हता. रानातली ही मोडकी लाकडी खोली त्यानं निवृत्त झाल्यावर घेतली होती. वीज नाही, नळ नाही. झऱ्याचं पाणी आणि पडलेलं लाकूड. शहरातलं घर विकून कायमचं इथं यायचं, हा त्याचा हट्ट. तिचं म्हणणं एवढंच, "आधी आठवडाभर सराव. मग हो की नाही ते मी सांगेन." तेव्हापासून, तारेला टेस्टर लावून बघावं तसा तो घडोघडी तिचा चेहरा बघत होता. आणि पहिल्याच दिवशी हा उजेड पाडला!

वास ओसरल्यावर दोघं आत गेली. टेप त्यानं खरवडून काढली, पण धूर खालीच येत राहिला.

"भिंतीच्या फटी सगळ्या बुजवल्यात?"

"एकूण एक. माती, चुना, भुसा कालवून. मुंगीला आत यायचं तर दार वाजवावं लागेल."

"तरीच. मग चुलीनं श्वास कुठून घ्यायचा?"

तिनं त्याच्या खिशातला स्क्रूड्रायव्हर काढून घेतला, चुलीमागं उकिडवी बसली आणि खालच्या दोन फळ्यांमधली माती उकरू लागली. बोटभर फट मोकळी झाली. गार वाऱ्याची धार आत आली, चुलीत काहीतरी फुरफुरलं आणि धुरानं शहाण्यासारखी वरची वाट धरली.

"तुला कसं ठाऊक?"

"आमच्या घरी चुलीमागची एक फळी कायम सरकवलेली असायची. थंडीत सगळे कुरकुरायचे, पण आई हात लावू द्यायची नाही." तिनं हातावरची माती झटकली. "विजेची पहिली लाइन टाकायला आलात तेव्हा तुम्हीच तर ती ठोकून बंद केलीत. वर बोर्ड बसवलात."

त्याला बोर्ड आठवत होता. शिडी धरून उभी असलेली, नाकावर घाम आलेली मुलगी आठवत होती. फळी काही आठवेना.

"मग चूल?"

"दुसऱ्या दिवशी आईनं शेजारची फळी सरकवली." ती चुलीपुढं मांडी घालून बसली. "पण त्या दिवशी... दिवा लागला, आम्ही पोरांनी टाळ्या पिटल्या, आणि आईनं भिंत बघितली. सगळी काजळी. इतकी वर्षं तिला वाटायचं, आपलं घर पांढरं आहे. तुम्ही गेल्यावर घासत बसली बिचारी. मी पाणी देत होते."

"हे कधी बोलली नाहीस."

"काय बोलायचं? शिडीवरून उतरताना असे बघत होतात सगळ्यांकडे, जसा काही सूर्य तुम्हीच घडवलात. देव एखाद्याला एवढा आनंद देत असेल, तर मध्ये आपण बोलू नये."

वायरमननं चुलीत एक लाकूड सारलं. उगाचच. दिवा लागला की शिडी खांद्यावर आणि पुढचं घर. त्या उजेडात मागं काय दिसलं, हे बघायला तो कधी थांबला नव्हता.

"हे बघ," त्यानं घसा खाकरला. "ज्या धुरातून सुटलीस, त्यातच मी तुला परत आणतोय. नको असेल तर नको म्हण. माझ्या जिवाला वाईट वाटेल म्हणून राहायचं, असं नाही."

ती उठली. तिनं पिशवीतून जुनी चादर काढली, खिडकीला लावून बघितली, मग सुई-दोरा त्याच्या हातात दिला. "ओवा. मला दिसत नाही."

बाहेर दिवस मावळत आला होता. त्यानं कंदील लावला. जन्मभर पाइपांतून तारा ओवल्या, पण हा दोरा काही जाईना. थुंकी लावून झाली, एक डोळा मिटून झाला.

"वात वर करू?"

"नको, आहे एवढी पुरे. तुम्हीच जरा इकडे सरका."

तो सरकला. दोरा गेला.

"काय शिवतेस?"

"पडदा."

"इथं? रानात कोण डोकावणार आहे? आणि रविवारी तर परत निघायचंय."

ती कड दुमडत होती. वर न बघताच म्हणाली, "ते टोक सरळ धरा. वाकडा शिवला गेला, तर रोज डोळ्यांत खुपेल."

वायरमननं टोक धरलं. मग दोन्ही हातांनी धरलं.