धुराचा नमुना

"विमान अजून एकदा धुरातून न्या, कॅप्टन," ती म्हणाली. खाली गाद्यांचं गोदाम पेटलं होतं. यंत्रातल्या पांढऱ्या गाळणकागदावर काजळीचा ठिपका दाट होत होता. त्यातून पार होणारा प्रकाश झरझर घटत होता. इतका सुरेख नमुना कधी मिळाला नव्हता.

संशोधनाचं विमान उतरलं. तिने फोन सुरू करताच तो वाजला. पलीकडून वहिनीचा हंबरडा आला, "वन्सं, आज ह्यांची पाळी गाद्यांच्या गोदामात होती हो! कुणीच बाहेर आलं नाही."

यंत्र उघडून तिच्या संशोधन-गटाच्या सरांनी चिमटा पुढे केला. "कागद काढ. बोट लागलं तर नमुना वाया जाईल."

तिने चिमटा घेतलाच नाही. कागद तळहातावर घेतला आणि मूठ मिटली.

"अगं, काय करतेस?"

"दादाला घरी नेतेय."