खोलीसाठी रस्सीखेच

शिट्टी वाजली आणि दोर ताठ झाला. सगळ्यांत पुढं भौतिकशास्त्राच्या संघप्रिया मॅडम होत्या. समोर खेळाचे शिक्षक आण्णा, आणि त्यांच्यामागं एकापेक्षा एक दांडगे सहा जण. मॅडमच्या मागं संस्कृतचे सर, चित्रकलेच्या बाई, तीन किरकोळ अंगाचे कारकून आणि शेवटी दोराचं टोक धरून शिपाईबाई बायडाबाई.

पणाला लागली होती एक खोली. मुरगूडजवळच्या त्या हायस्कुलात १९९८ साली एकच नवी खोली बांधून झाली होती. आण्णांना ती कुस्तीच्या मॅटसाठी हवी होती, मॅडमना प्रयोगशाळेसाठी. भौतिकशास्त्राचं सगळं सामान चार वर्षं एका लोखंडी कपाटात पडून होतं. प्रयोग व्हरांड्यात व्हायचे. वारा सुटला की लंबक आपल्या मनानं हलायचा आणि पोरं वहीत भलतीच उत्तरं लिहायची. दोघांची भांडणं ऐकून हेडसर पार कंटाळले. वैतागून एकदा म्हणाले, गॅदरिंगच्या रस्सीखेचीत काय ते ठरवून टाका. आण्णांच्या मागची मंडळी हसली. मॅडम मात्र लगेच तयार झाल्या.

त्यांनी आठ दिवस आपल्या संघाची शिकवणीच घेतली. दोराचा ताण दोन्ही टोकांना सारखाच असतो, असं त्यांनी फळ्यावर आकृती काढून सांगितलं. जिंकतो तो दोर जास्त ओढणारा नव्हे, जमिनीला जास्त रेटणारा. म्हणून चपला काढायच्या, गुडघे वाकवायचे, मागं कलायचं. संस्कृतचे सर हे सगळं वहीत उतरवून घेत. बायडाबाई नुसती मान हलवत. नाणेफेक जिंकल्यावर मॅडमनी कडुलिंबाकडची बाजू मागितली. तिथली माती खरखरीत होती.

पहिल्या झटक्यातच मॅडमचा संघ दोन पावलं पुढं फरपटला. मॅडमनी डोळे मिटले. खोली गेली, असंच त्यांना वाटलं. आणि मग दोर थांबला. आण्णांचे गडी लाल झाले, त्यांच्या माना फुगल्या, पण दोर बोटभर हलेना. दोनेक मिनिटांनी त्यांचे पाय निसटू लागले. मॅडमनी आवाज दिला, सगळे एकदम मागं कलले, आणि समोरचे एकावर एक कोसळले.

शाळेनं मॅडमना डोक्यावर घ्यायचंच काय ते बाकी ठेवलं. बक्षीस घेताना मॅडम घर्षणावर दहा मिनिटं बोलल्या.

सोमवारी नवी खोली झाडताना बायडाबाई म्हणाल्या, "मॅडम, तुमचं ते घर्षण काय मला कळलं न्हाय. मी आपला दोर लिंबाला गुंडाळलता. पोरांच्या गर्दीत कुणाला दिसतंय? एक वेढा निसटाय लागला, तवा दुसरा घातला."

मॅडम स्टुलावर बसल्या. झाडाच्या बुंध्यावर घासून दोर धरतो तेही घर्षणच, आणि एका वेढ्यापेक्षा दोन वेढे कितीतरी पटीनं जास्त धरतात, हे त्यांना माहीत होतं. हा भाग पुढच्या वर्षी शिकवायचाही होता. पण लबाडी ती लबाडीच. घर्षणाचा नियम पुढं करून ती झाकता येणार नव्हती. त्यांनी कपाटाकडं एकदा पाहिलं, खोलीची किल्ली उचलली आणि मैदान गाठलं.

आण्णा चुन्यानं रेघा मारत होते. मॅडमनी एका दमात सगळं सांगितलं आणि किल्ली पुढं केली. आण्णांनी ती घेतली नाही. चुन्याचं घमेलं खाली ठेवलं, हात झटकले.

"मॅडम, खोलीसाठी दोन वरसं भांडलो. पोरांम्होरं नुसतंच मागं कसं सरायचं? माझी पोरगी अक्षता तुमच्याच वर्गात हाय. व्हरांड्यातल्या लंबकाचं घरी येऊन सांगती मला."

मॅडमनी किल्ली तशीच पुढं धरली. आण्णा हसले.

"मी समोरच उभा हुतो की. दुसरा वेढा घाला म्हणून बायडाबाईस्नी डोळ्यानं मीच खुणावलं."